क्लॅम्प, कुलूप, क्रँक हँडल : ताबा घेताना कुठे अडतं

रेल्वे स्टेशनवर मोटरचा सांधा, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारी जोडणी, बिघडला की तो हाताने फिरवायच्या क्रँक हँडलसाठी पळापळ होते आणि वस्तू समोर असूनही हातात पडत नाही. कारण कागद.

हँडल घेता येतं ते ड्युटीवरच्या स्टेशन मास्तरला किंवा त्याने पाठवलेल्या पॉइंट्समनला (सांधे हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याला). पॉइंट्समनचा सक्षमता दाखला चालू मुदतीचा हवा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. राहून जाते ती अ‍ॅश्युरन्स रजिस्टरमधली सही. स्टेशन वर्किंग रूल्स (त्या स्टेशनच्या कामकाजाचे नियम) वाचून, समजून केलेली ही सही रुजू होताना एकदा केली की आयुष्यभर चालते, असा गोड गैरसमज आहे. नियम बदलले किंवा लांबच्या रजेवरून परतलात, की ती पुन्हा लागते. रिलीव्हिंगला, म्हणजे दुसऱ्याच्या जागी आलेली माणसं हमखास इथेच सापडतात.

सिग्नलवाल्यांना सांधा सिग्नल यंत्रणेपासून सोडवून काम करायचं असेल, तर डिस्कनेक्शन नोटीस (फॉर्म टी/३५१) आधी. ‘दोन मिनिटांचं काम आहे, मेमो मागून देतो’ म्हणणारा कितीही ओळखीचा असला तरी थांबवा.

चार्ज घेताना वर्किंग रूल्सचं परिशिष्ट ‘ई’ उघडा. स्टेशनवर असायलाच हव्यात अशा वस्तूंची यादी त्यात असते. नुसते नग मोजू नका. क्लॅम्प, म्हणजे सांधा हलू नये म्हणून आवळायचा चाप, रुळावर बसवून बघा. ५२ किलोच्या (मीटरला ५२ किलो वजनाच्या) रुळासाठी आलेला क्लॅम्प ६० किलोच्या रुळावर बसेलच असं नाही, आणि ते पावसात, रात्री दोन वाजता कळणं वाईट. कुलपात किल्ली फिरते का, तेही पाहा. गंजलेलं कुलूप यादीत ‘१ नग’ म्हणून खुशाल नांदत असतं!

हँडल बाहेर काढलं की रजिस्टरमध्ये वेळ, कारण आणि सांध्याचा क्रमांक लिहा. परत ठेवल्याची वेळ बहुतेक जण सोडतात, आणि तपासणीत शेरा तिथेच पडतो. हँडल पेटीत आलं, पण त्याची किल्ली खिशातच राहिली, तर त्या सांध्यावरचे सिग्नल पडणार नाहीत, म्हणजे गाडीला जायची खूण मिळणार नाही. मग उगाच सिग्नलवाल्यांना फोन जातात. पेटीचं सील तोडलं असेल तर तीही नोंद करा, नवं सील होईपर्यंत पाठपुरावा करा.

फेसिंग पॉइंटला (गाडी ज्याच्या टोकाकडून येते त्या सांध्याला) क्लॅम्प लावून कुलूप घातलं, की त्याची किल्ली गाडी जाईपर्यंत स्टेशन मास्तरकडेच. ती हरवलीच, तर बाजारातून दुसरी करून आणू नका. लेखी कळवा आणि कुलूपच बदलून मागा.