पुडी मागण्याआधी गोळ्यांची पिशवी दाखवा

(पाळी गेल्यानंतरचा विसरभोळेपणा आणि वनौषधी : आमच्या ग्राहकांसाठी)

"आईसाठी स्मरणशक्तीचं काहीतरी द्या." आमच्या वनौषधींच्या दुकानात आठवड्यातून दहा-बारा वेळा तरी हे वाक्य काउंटरवर ऐकू येतं. आई बहुधा पन्नाशी-साठीतली. पाळी जाऊन काही वर्षं झालेली. किल्ली कुठे ठेवली ते आठवत नाही, बोलता बोलता नाव ओठांवर येऊन अडतं. आम्ही विचारतो, सध्या गोळ्या कुठल्या चालू आहेत? उत्तर ठरलेलं असतं : "बीपीची एक आहे. आणि एक छोटी पांढरी, सकाळी उपाशीपोटी घेते."

छोट्या पांढऱ्या गोळ्या बाजारात ढिगाने आहेत. मग घरी फोन होतो. आईला चष्मा सापडत नाही, शेजारच्या मुलीला बोलावून पाकिटाचा फोटो मागवला जातो, तो धूसर येतो. अर्धा तास जातो, मागे रांग लागते आणि गिऱ्हाईक वर आम्हालाच विचारतं, "अहो, झाडपाला तर आहे, त्याने काय होतंय?"

काय होतं ते एका ताईंच्या उदाहरणावरून सांगतो. थायरॉइडची गोळी त्या सकाळी सहाला नेमाने घ्यायच्या. पाळी गेल्यावर कुणीतरी सांगितलं म्हणून सोयाची पावडर सुरू केली, तीही दुधातून, गोळीनंतर पंधरा मिनिटांत. सोया आणि दूध दोन्हींमुळे ती गोळी अंगी नीट लागत नाही. तीन महिन्यांनी रक्ततपासणीत टीएसएच वाढलेला निघाला (म्हणजे थायरॉइडची गोळी पुरत नव्हती), डॉक्टरांनी डोस वाढवला, थकवा आणि विसरणं तसंच. ताई आमच्याकडे आल्या त्या "आणखी जोरदार काहीतरी द्या" म्हणून. आम्ही काहीही विकलं नाही. सोया संध्याकाळी घ्या आणि डॉक्टरांना हे सांगा, एवढंच म्हटलं. गोळी आणि सोया यांत चार तासांचं अंतर हवं. पावडर आमच्या दुकानातली नव्हती, पण असती तरी चूक तीच झाली असती.

अशा जोड्या आणखी आहेत. अश्वगंधा थायरॉइडचे हार्मोन वाढवू शकते आणि झोपेच्या गोळीवर घेतली तर गुंगी जास्त येते. ज्येष्ठमध बीपी वाढवतो आणि शरीरातलं पोटॅशियम उतरवतो. बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात, त्यांच्याबरोबर तर तो नकोच. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर गिंको (स्मरणशक्तीसाठी विकला जाणारा एका झाडाच्या पानांचा अर्क) आम्ही देत नाही. स्तनाच्या कर्करोगानंतर हार्मोनला अडवणारी गोळी चालू असलेल्या बाईंना सोयाच्या गोळ्या किंवा शतावरी डॉक्टरांच्या होकाराशिवाय देत नाही. यावरून काउंटरवर वाद झालेले आहेत. गिऱ्हाईक गेलेलं चालेल.

आता ब्राह्मीबद्दल, कारण सगळ्यात जास्त मागणी तिचीच. कोकणातून आलेली मंडळी ब्राह्मी म्हणून जी गोल, मूत्रपिंडाच्या आकाराची, लांब देठाची पानं दाखवतात ती मंडूकपर्णी, म्हणजे कारिवणा. जिच्यावर अलीकडचे बरेच प्रयोग झाले ती नीरब्राह्मी वेगळी. तिचं पान बोटाच्या पेरापेक्षा लहान, जाडसर, मांसल, आणि वेल पाणथळीत पसरतो. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात, चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, जी चार मेध्य (बुद्धी-स्मृतीसाठीची) रसायनं सांगितली त्यांत मंडूकपर्णीचा रस आहे, ज्येष्ठमधाचं चूर्ण दुधातून आहे, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क (वाटून केलेला लगदा) आहे. ब्राह्मी हे नाव त्या चारांत नाही. हे ऐकून पुष्कळांचा हिरमोड होतो. आमच्या डब्यांवर दोन्हींची नावं वेगळी लिहिलेली असतात. चिठ्ठीवर नुसतं "ब्राह्मी" असेल तर आम्ही वैद्यांना फोन करतो. त्यात पाच मिनिटं जातात, तेवढी द्या.

नीरब्राह्मीच्या अर्कावरचे बरेचसे प्रयोग 12 आठवड्यांचे आहेत. त्यांतल्या एकात रोज 300 मिलिग्रॅम अर्क दिला आणि 65 वर्षांवरच्या निरोगी लोकांत थोड्या वेळाने शब्द आठवण्यात काहीसा फायदा दिसला. मात्र त्या प्रयोगात माणसं पन्नासच्या आसपास होती, बाया-पुरुष दोन्ही होते. पाळी गेलेल्या बायकांसाठी म्हणून तो केलेला नव्हता. म्हणजे आशेला जागा आहे, हमी नाही. आणि 300 मिलिग्रॅम अर्क म्हणजे 300 मिलिग्रॅम चूर्ण नव्हे. दोन्ही आमच्याकडे मिळतं, भाव वेगळा, मात्रा वेगळी. पंधरा दिवसांत "काही फरक नाही" म्हणून डबी परत आणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं. पोटात कळ किंवा शौचाला जास्त वेळा जाणं हा तिचा नेहमीचा त्रास. जेवणानंतर तुपातून घेतली तर तो बराच कमी होतो.

सोयाची कथा निराळी. 2003 साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत 65 वर्षांवरच्या बायकांना इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन या हार्मोनच्या एकत्र गोळ्या दिल्यावर स्मृतिभ्रंशाचा धोका दुपटीने वाढलेला आढळला, आणि हार्मोनला घाबरलेल्या बायका वनस्पतीतल्या इस्ट्रोजेनसारख्या द्रव्यांकडे वळल्या. ही भीती पन्नाशीतल्या बाईला तशीच लावू नये, हार्मोन घ्यायचे की नाही तो निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञांचा. पण सोयाकडून स्मरणशक्तीची अपेक्षा धरून आलात तर खरं सांगतो. 350 बायकांना अडीच वर्षं रोज 25 ग्रॅम सोयाचं प्रथिन दिलेल्या चाचणीत एकंदर बुद्धीच्या मोजमापात फरक पडला नाही. आकृती-चित्रं लक्षात ठेवण्यात तेवढी थोडी सुधारणा दिसली. गिंकोही तसाच : 75 वर्षांवरच्या 3069 जणांना दिवसातून दोनदा 120 मिलिग्रॅम देऊन सरासरी सहा वर्षं पाहिलं, स्मृतिभ्रंश टळला नाही. म्हणून गिंकोची मोठी बाटली आम्ही मागवतच नाही.

पाळी जाण्याच्या उंबरठ्यावर डोकं धूसर वाटतं ते अनेकींचं पुढे आपोआप निवळतं. निवळलं नाही, तर ब्राह्मीआधी दोन तपासण्या करून घ्या : बी-12 जीवनसत्त्व आणि टीएसएच. शाकाहारी घरं, डायबेटिसची मेटफॉर्मिन आणि अ‍ॅसिडिटीची रोजची गोळी, तिन्हींमुळे बी-12 उतरतं आणि माणूस विसरायला लागतो. ते औषधाच्या दुकानात स्वस्तात मिळतं, आमच्याकडे नाही. झोप लागत नसेल, रात्री घामाने जाग येत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. आणि रोजचा रस्ता चुकणं, पैशांचे हिशेब अचानक न जमणं, स्वयंपाकाचा क्रम विसरणं, असं दिसलं तर आमच्याकडे येऊच नका, थेट मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा.

इतकं सगळं सांगून आम्ही काय विकतो? निवडून, साफ करून, सुकवून दळलेलं चूर्ण, दळल्याची तारीख लिहिलेली पुडी, आणि ब्राह्मी घृत, म्हणजे ब्राह्मीचं तूप. घृताचा पहिला चमचा कडू लागतो, ते तसंच असतं. भस्म आणि पाऱ्याची औषधं वैद्यांच्या चिठ्ठीशिवाय देत नाही. 2008 साली इंटरनेटवरून घेतलेल्या आयुर्वेदिक औषधांच्या अमेरिकेतल्या तपासणीत पाचांतल्या एका औषधात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. बंद पुडी आठ दिवसांत परत घेतो, उघडलेली नाही.

तर येताना एक पिशवी आणा. त्यात घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, संपलेली असली तरी, आणि घरी कुणी बनवून दिलेली पुडी किंवा कॅल्शियमची डबीही. फोटो पाठवणार असाल तर उजेडात काढा, पाकिटाची मागची बाजू दिसू द्या. आणखी एक, जे फार कमी जण पाळतात : गोळी काढताना नाव छापलेल्या टोकाकडून फोडायला सुरुवात करू नका. तो कोपरा शेवटपर्यंत ठेवा. दर दुसऱ्या पिशवीत आम्हाला नुसती चांदी आणि दोन रिकामे खळगे मिळतात, आणि मग पुन्हा त्या छोट्या पांढऱ्या गोळीपासून सुरुवात करावी लागते.