ओएचबी

ओएचबी ही उपग्रह आणि अवकाशयाने बांधणारी जर्मन कंपनी असून तिचे मुख्यालय ब्रेमेन शहरात आहे. युरोपात या धंद्यात एअरबस आणि थालेस अलेनिया स्पेस या दोन बड्या कंपन्यांचा दबदबा आहे. ओएचबी त्यांच्या मानाने बरीच लहान, आणि मुख्यतः फुक्स कुटुंबाच्या ताब्यातली.

1958 मध्ये ऑटो हायड्रॉलिक ब्रेमेन या नावाने ती सुरू झाली, तेव्हा तिचा अवकाशाशी काडीचा संबंध नव्हता. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला क्रिस्टा फुक्स यांनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या कामगारांची ही कंपनी घेतली. त्यांचे पती मानफ्रेड फुक्स हे अवकाश उद्योगात मुरलेले अभियंते. मोठी नोकरी सोडून 1985 मध्ये तेही तिथे आले आणि कंपनीचा मोहरा उपग्रहांकडे वळला. पुढे मुलगा मार्को यांच्याकडे कारभार आला.

कंपनीचा खरा दरारा निर्माण झाला तो सार-लूपे या टेहळणी उपग्रहांमुळे. जर्मन लष्करासाठी बांधलेले हे 5 रडार उपग्रह 2006 ते 2008 या काळात रशियन रॉकेटांनी वर गेले. ढग असोत वा काळोख, त्यांना जमिनीचे चित्र घेता येई. खर्च आटोक्यात ठेवण्याची क्लृप्ती साधी होती : अँटेना उपग्रहाला पक्की जोडलेली, नेम धरायचा तर अख्खा उपग्रहच वळवायचा. त्याच सुमारास ओएचबीची रुबिन मालिकेतली छोटी उपकरणे इस्रोच्या पीएसएलव्हीवरूनही गेली. 2008 मध्ये एकाच वेळी 10 उपग्रह सोडणाऱ्या उड्डाणात रुबिन-8 होते.

जानेवारी 2010 मध्ये ‘गॅलिलिओ’ या युरोपच्या दिशादर्शन यंत्रणेसाठी 14 उपग्रहांचे कंत्राट ओएचबीने मिळवले, किंमत 56.6 कोटी युरो. हरलेली कंपनी होती एअरबस समूहातली आस्ट्रियम. गंमत अशी, की ओएचबीच्या उपग्रहांतला दिशादर्शनाचा मुख्य भाग पुरवणारी ब्रिटनची सरे सॅटेलाइट ही कंपनी त्या आस्ट्रियमच्याच मालकीची होती. पुढच्या कंत्राटांनी उपग्रहांची संख्या 34 वर नेली. आज आपल्या खिशातले बरेचसे मोबाइल त्यांचे संदेश पकडतात.

सुरुवात मात्र फसली. 22 ऑगस्ट 2014 रोजी दोरेसा आणि मिलेना हे पहिले दोन उपग्रह चुकीच्या कक्षेत पडले. (युरोपातल्या मुलांच्या चित्रकला स्पर्धेतील विजेत्यांची नावे या उपग्रहांना दिली आहेत.) दोष उपग्रहांचा नव्हता. सोयुझ रॉकेटच्या वरच्या टप्प्यात अतिथंड हेलियमची नळी इंधनाच्या नळीला खेटून बसवली होती, आणि त्या गारठ्याने इंधन गोठले. वर्तुळाकार कक्षेऐवजी लंबवर्तुळाकार कक्षा पदरी पडली. उपग्रहांचेच इंधन वापरून ती थोडी सुधारली, पण पूर्ण वर्तुळाकार होणे शक्य नव्हते.

हा बिघाड भौतिकशास्त्राच्या पथ्यावर पडला. दोन्ही उपग्रह दिवसातून दोनदा सुमारे 8,500 किलोमीटर वर-खाली होत, आणि त्यांच्यात हायड्रोजन मेझर ही अतिशय अचूक अणुघड्याळे होती. उंची वाढली, गुरुत्वाकर्षण कमी झाले, की घड्याळ किंचित जलद चालते, हे आइन्स्टाइनचे भाकीत तपासायला याहून चांगली सोय मुद्दाम करूनही मिळाली नसती. पॅरिस आणि ब्रेमेन इथल्या गटांनी 2018 मध्ये निष्कर्ष मांडले; हेच भाकीत तपासणाऱ्या 1976च्या अमेरिकी प्रयोगापेक्षा अचूकता सुमारे पाचपट वाढली होती.

2021 मध्ये गॅलिलिओच्या दुसऱ्या पिढीचे 12 उपग्रह थालेस अलेनिया आणि एअरबस यांना मिळाले. ओएचबी युरोपीय संघाच्या जनरल कोर्टात गेली, पण 2023 मध्ये त्या न्यायालयाने दावा फेटाळला. वैज्ञानिक मोहिमांत तिचे काम सुरूच राहिले. नासाच्या डार्ट यानाने 2022 मध्ये धडक दिलेल्या डिमॉर्फॉस या लघुग्रहाची पाहणी करण्यासाठी ऑक्टोबर 2024 मध्ये निघालेले ‘हेरा’ हे यान ओएचबीच्या नेतृत्वाखालीच बांधले गेले.