पनामा कालव्यातून यॉट नेणाऱ्यांसाठी: दोर अखंडच का हवेत

“बोटीवर दोर भरपूर आहेत, तुमचे भाड्याने कशाला घ्यायचे?” कालव्याच्या अटलांटिककडच्या तोंडाशी, कोलोन बंदरात, पोहोचलेल्या बहुतेक मालकांचा आम्हाला पहिला प्रश्न हाच असतो. आमचेच घ्या असे आम्ही म्हणत नाही. स्वतःचे दोर चालतात. फक्त ते चार असावेत, प्रत्येक 125 फुटांचा म्हणजे सुमारे 38 मीटरचा आणि अखंड असावा. दोन दोरांना गाठ मारून लांबी भरून काढलेली चालत नाही, आणि नेमके हेच सगळे करून येतात.

गाटूनचे लॉक म्हणजे पाणी भरून बोट वर चढवणारे बंद हौद. एकेक हौद 33.5 मीटर रुंद आणि 305 मीटर लांब आहे. 1914 साली ते मोठ्या जहाजांसाठी सुरू झाले. तुमची बारा मीटरची बोट त्यात चार दोरांनी मधोमध धरली, तर दोन्ही भिंती दहा-पंधरा मीटर दूर राहतात आणि माथा डोक्याच्या बराच वर. भिंतीवरचा माणूस बारीक दोरी फेकतो. तिच्या टोकाला मुठीएवढी जड गाठ असते, म्हणून सोलर पॅनेलवर आधीच गाद्या टाकून ठेवा. तुमच्या दोराचा फास त्या दोरीला बांधला की तो वर ओढून खुंट्यावर अडकवतात. मग पाणी भरू लागते. पंप नाहीत, गाटून तलावाचे पाणी उतारानेच येते. पण खालून असे उसळते की बोट जागेवर ठरत नाही. ती चढेल तसे चारही दोर बरोबरीने आत ओढत राहायचे.

एका ग्राहकाच्या जोडदोराची गाठ याच वेळी चॉकमध्ये, म्हणजे दोर ज्यातून बाहेर जातो त्या बोटीच्या काठावरच्या खाचेत, अडकली. दोर आत येईना, तो कोपरा सैल पडला आणि नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, भिंतीकडे वळली. कठडा वाकला, माणसे वाचली. पॅसिफिककडच्या मिराफ्लोरेस लॉकमध्ये उतरताना गाठ अडकली तर अधिक वाईट: पाणी खाली जाते आणि बोट दोराला लटकू लागते.

म्हणून आदल्या संध्याकाळी आम्ही प्रत्येक दोर धक्क्यावर पूर्ण उलगडून मोजतो. काहींना हा अविश्वास वाटतो. पण दोर सकाळी नापसंत झाला, तर पुढची तारीख मिळेपर्यंत तुम्हीच अडकून पडता.

दुसरा प्रश्न माणसांचा. 65 फुटांखालच्या बोटीवर कालव्याचा सल्लागार येतो. त्याच्याशिवाय सुकाणूवर एक आणि दोरांवर चार जण लागतातच. बोटी एकमेकींना बांधून नेल्या तर काही हात रिकामे राहतात, हे खरे. पण तसे नेणार की नाही, हे तुम्हाला आधी कळत नाही. नवरा-बायको दोघेच असाल तर आमचे तिघे दोर धरणारे सोबत येतात. पाणी उसळल्यावर दोराला कधी ढील द्यायची आणि कधी खेचायचे, हे त्यांच्या हाताला ठाऊक आहे.

कालवा ओलांडण्याच्या अर्जात लांबी नोंदणीपत्रातली लिहू नका. नांगराच्या टोकापासून मागे टांगलेल्या डिंगीपर्यंत (छोट्या होडीपर्यंत) टेप लावा. कालव्याचे मोजणीदारही तसेच मोजतात. सल्लागाराला गरम जेवण आणि बंद बाटलीतले पाणी द्यावे लागते. तलावावर रात्र काढावी लागू शकते, म्हणून शिधा दोन दिवसांचा ठेवा.

आमचे दोर आणि फेंडर (भिंतीच्या धक्क्यापासून बोट वाचवणाऱ्या गाद्या) पॅसिफिककडच्या टोकाला, बाल्बोआला, आमचा माणूस बोटीवर येऊन घेऊन जातो. ओले असले तरी चालतील, फक्त गुंडाळून ठेवा.