मन्स्टरची मायनर हर्लिंग स्पर्धा: वयाच्या रेघेभोवती फिरलेला इतिहास

आयर्लंडच्या दक्षिणेकडच्या मन्स्टर प्रांतात एप्रिल-मे महिन्यांत, आठवड्याच्या मधल्याच एखाद्या संध्याकाळी, सतरा वर्षांखालच्या मुलांचे, म्हणजे मायनर गटाचे, हर्लिंगचे सामने असतात. उजेड रात्री नऊपर्यंत टिकतो, त्यामुळे शाळा सुटल्यावर सामना खेळून मुलगा झोपायच्या वेळेला घरी पोचतो. टिपरेरी, कॉर्क, लिमरिक, क्लेअर आणि वॉटरफर्ड या काउंट्यांमध्येच खरी चुरस असते. प्रांतातली सहावी काउंटी केरी. तिथे आयर्लंडच्या स्वतःच्या गेलिक फुटबॉलचंच राज्य आहे, पण 1891 साली हर्लिंगचं अखिल आयर्लंड विजेतेपद केरीनेही एकदा पटकावलं होतं, हे केरीची माणसं सांगायला विसरत नाहीत.

आयर्लंड म्हटलं की आपल्याकडे मालवणजवळच्या वराड गावाशी नातं सांगणारे माजी पंतप्रधान लिओ वराडकर आठवतात. हर्लिंग मात्र फारसं कुणी पाहिलेलं नसतं, म्हणून आधी थोडं खेळाविषयी. प्रत्येक बाजूला 15 खेळाडू. हातात अॅश लाकडाची, टोकाला चपटी होत गेलेली काठी, तिला हर्ली म्हणतात. चेंडू क्रिकेटच्या चेंडूपेक्षा किंचित लहान, वजनाने हलका, आणि शिवण बाहेर उठून आलेली. तो जमिनीवरून मारता येतो, हवेत असतानाच टोलवता येतो, हातात पकडता येतो, आणि काठीच्या टोकावर तोलत धावतही जाता येतं. खांब इंग्रजी एच अक्षरासारखे. आडव्या दांड्यावरून चेंडू गेला तर एक गुण, खालच्या जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. मोठ्यांचा सामना 70 मिनिटांचा, मुलांचा 60 मिनिटांचा. पगार कुणालाच नाही. आपल्या पॅरिशच्या, म्हणजे चर्चभोवतीच्या गावपरिसराच्या, क्लबकडून खेळायचं आणि निवड झाली तर काउंटीकडून. एखादा मुलगा चांगला खेळतो म्हणून शेजारच्या काउंटीने तो उचलून नेला, असं सहसा घडत नाही. त्यामुळे काउंटीला पुढची दहा-पंधरा वर्षं काढायची असतात ती स्वतःच्याच पोरांच्या जिवावर, आणि मुलांच्या या स्पर्धेकडे एवढं डोळ्यांत तेल घालून पाहिलं जातं ते त्यामुळेच.

या खेळाची शिखर संस्था, गेलिक अॅथलेटिक असोसिएशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली जीएए, 1 नोव्हेंबर 1884 रोजी टिपरेरीतल्या थर्ल्स गावी हेज हॉटेलात स्थापन झाली. तेव्हा इंग्रजांची सत्ता होती. क्रिकेट, रग्बी हे सत्ताधाऱ्यांचे खेळ, तर हर्लिंग आपलं, ही भावना संस्थेच्या मुळाशी होती. मोठ्यांची अखिल आयर्लंड स्पर्धा 1887 ला आणि मन्स्टरची प्रांतिक स्पर्धा 1888 ला सुरू झाली. मुलांचा विचार व्हायला मात्र पुढची चाळीस वर्षं गेली.

मुलांसाठी काहीच नव्हतं असं नाही. कॅशलचे आर्चबिशप हार्टी यांच्या नावाचा करंडक 1918 पासून मन्स्टरमधल्या शाळा-कॉलेजांसाठी खेळवला जात होता, आणि आजही हार्टी कप जिंकणं हा तिथल्या शाळेचा सर्वांत मोठा मान समजला जातो. पण त्या काळात माध्यमिक शाळेपर्यंत पोचणारी मुलं थोडी. बहुतेकांची शाळा चौदाव्या वर्षी सुटायची, मग शेत, दुकान, नाहीतर बोट पकडून इंग्लंड. शाळेबाहेरच्या या मोठ्या घोळक्याला काउंटीचा शर्ट अंगावर चढवायची संधी मिळाली ती 1928 साली, जेव्हा अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी मायनर स्पर्धा सुरू झाली. प्रांताचा विजेता पुढे अखिल आयर्लंडसाठी खेळणार, अशी रचना. पहिल्याच वर्षी कॉर्क आणि डब्लिन यांचा अंतिम सामना बरोबरीत सुटला, तो पुन्हा खेळवावा लागला आणि कॉर्क जिंकलं. पुढच्या वर्षी वॉटरफर्ड. 1930 ला टिपरेरीने तर सीनिअर, ज्युनिअर (ही मोठ्यांचीच खालची श्रेणी) आणि मायनर असे तिन्ही अखिल आयर्लंड किताब एकाच हंगामात घरी नेले.

तिशीच्या दशकाच्या शेवटी कॉर्कने 1937, 1938 आणि 1939 असे सलग तीन मायनर किताब मिळवले. 1938 च्या संघात क्लॉइन गावचा क्रिस्टी रिंग होता. पुढे त्याने सीनिअर अखिल आयर्लंडची आठ पदकं मिळवली, आणि आजही सर्वश्रेष्ठ हर्लर कोण या वादात पहिलं नाव त्याचंच निघतं. 1941 ते 1944 या काळात कॉर्कने सीनिअर करंडक ओळीने चार वेळा जिंकला. मुलांच्या स्पर्धेतून मोठ्यांचा संघ उभा राहतो, ही समजूत पक्की व्हायला एवढं पुरेसं होतं.

त्याच सुमारास दुसऱ्या महायुद्धाची झळ लागली. आयर्लंड तटस्थ होता, पण पेट्रोल मिळेना. खासगी गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, आगगाड्या कमी झाल्या. 1942, 1943 आणि 1944 या तीन वर्षी मायनरची अखिल आयर्लंड स्पर्धा झालीच नाही. मोठ्यांचे सामने मात्र चालू होते. 1944 च्या मन्स्टर अंतिम फेरीत कॉर्क आणि लिमरिक दोनदा भिडले, तेव्हा लोक सायकली हाणत थर्ल्सला पोचले. त्या सामन्याला अजूनही सायकलींचा अंतिम सामना म्हणूनच ओळखतात. टंचाईत काटछाट करायची वेळ आली की पहिली कात्री पोरांच्या स्पर्धेला लागते, हे तिथेही खरं ठरलं. त्या तीन वर्षांत अठराव्या वर्षाचा उंबरठा ओलांडलेल्या मुलांना मायनर अखिल आयर्लंड खेळायची संधी आयुष्यात पुन्हा मिळाली नाही.

युद्धानंतर 1948 ला वॉटरफर्डने सीनिअर आणि मायनर हे दोन्ही अखिल आयर्लंड किताब एकाच वर्षी जिंकले. 1949 पासून मायनर विजेत्याला आयरिश प्रेस करंडक मिळू लागला. तो देणारं वर्तमानपत्र 1995 ला बंद पडलं, करंडकावर नाव तेच राहिलं.

पन्नाशीचं दशक टिपरेरीचं, आणि त्यातही थर्ल्सच्या जिमी डॉयलचं. 1954 च्या अखिल आयर्लंड मायनर अंतिम सामन्यात तो पंधरा वर्षांचा पोरगा गोलरक्षक म्हणून उभा होता. डब्लिनने टिपरेरीला हरवलं. पुढच्या वर्षी तो आघाडीला आला आणि टिपरेरीने 1955, 1956, 1957 असे तीन किताब घेतले, शेवटचा त्याच्याच कप्तानीखाली. चार वर्षं लागोपाठ मायनरचा अंतिम सामना खेळायचा म्हणजे चौदा-पंधराव्या वर्षीच सतरा-अठरा वर्षांच्या दांडग्या पोरांत टिकून दाखवायचं. 1958 ला तो सीनिअर विजेता झाला होता, आणि कारकीर्द संपली तेव्हा त्याच्याकडे सीनिअरची सहा पदकं होती.

1960 च्या दशकात दोन गोष्टी झाल्या, त्यातली एक खेळाबाहेरची. 1964 ला एकवीस वर्षांखालची स्पर्धा सुरू झाली, टिपरेरीने ती पहिल्याच वर्षी जिंकली, आणि मायनर व सीनिअर यांच्यामधला खड्डा भरला. दुसरी गोष्ट शिक्षणाची. लिमरिकचे मंत्री डोना ओमॅली यांनी 1966 ला मोफत माध्यमिक शिक्षणाची घोषणा केली आणि पुढच्या वर्षीपासून ती अमलात आली, खेड्यापाड्यांतून मुलांना आणायला बसगाड्याही धावू लागल्या. माझ्या मते मायनर स्पर्धेच्या इतिहासातलं हे सर्वांत मोठं वळण, जरी जीएएच्या कुठल्याही ठरावात ते सापडणार नाही. शाळेतली मुलं आणि शाळेबाहेरची मुलं हा 1928 चा भेद हळूहळू मिटला. काउंटीचा मायनर खेळाडू आता बहुधा शाळेच्या संघातही असायचा, आणि मुलगा दोन-तीन प्रशिक्षकांच्या ओढाताणीत सापडायला लागला. लिमरिकच्या ख्रिश्चन ब्रदर्स शाळेने 1964 ते 1967 असे चार हार्टी कप ओळीने जिंकले. 1973 ला लिमरिकने सीनिअर करंडक उचलला तेव्हा कर्णधार एमन ग्राइम्स याच शाळेतून आलेला होता.

त्यानंतर लिमरिकला सीनिअर करंडकासाठी पंचेचाळीस वर्षं थांबावं लागलं. या मधल्या काळाकडे पाहिलं की मुलं जिंकली म्हणजे मोठे जिंकणारच, ही समजूत किती लंगडी आहे ते दिसतं. 1984 ला लिमरिकच्या मायनर संघाने अखिल आयर्लंड जिंकलं. 2000 ते 2002 या काळात त्यांच्या एकवीस वर्षांखालच्या संघाने सलग तीन किताब मिळवले, आता सीनिअर करंडक फक्त आणायचाच बाकी आहे अशा थाटात लोक बोलत होते. हाती लागला 2007 चा एक अंतिम सामना, तोही किलकेनीने जिंकला. क्लेअरचंही तसंच. 1997 च्या सप्टेंबरात एकाच दिवशी क्लेअरच्या मायनर आणि सीनिअर संघांनी अखिल आयर्लंड जिंकलं, मायनरचं तर ते पहिलंच. पुढचा सीनिअर करंडक 2013 ला आला, तो मात्र 2010 आणि 2011 ला मन्स्टर मायनर जिंकलेल्या मुलांच्या जोरावर. त्यांतला टोनी केली 2013 ला एकाच वर्षी सर्वोत्कृष्ट खेळाडू आणि सर्वोत्कृष्ट तरुण खेळाडू ठरला. करंडक मिळाल्यानंतरच्या चार-पाच वर्षांत मुलांचं काय करता, यावर सगळं अवलंबून. लिमरिकने 2010 च्या सुमारास मुलांसाठी नीट अकादमी उभी केली, उद्योगपती जे. पी. मॅकमॅनस यांच्या पैशाचा आधार होता, आणि आर्डस्कॉल रीश या शाळेने 2010 पासून हार्टी कप जिंकायचा सपाटा लावला.

2013 चा हंगाम जरा सविस्तर सांगण्यासारखा आहे. जुलैत लिमरिकच्या मैदानावर मन्स्टरचा मायनर अंतिम सामना वॉटरफर्डशी बरोबरीत सुटला, आणि फेरसामना जिंकून लिमरिकने 1984 नंतर पहिल्यांदा प्रांताचा मायनर किताब मिळवला. ऑगस्टमध्ये डब्लिनच्या क्रोक पार्कवर अखिल आयर्लंड उपांत्य सामना, समोर गॉलवे. त्याच वर्षी क्रोक पार्कवर हॉक-आय आलं होतं, क्रिकेटमुळे आपल्या ओळखीचं तेच तंत्र. चेंडू खांबांच्या आतून गेला की बाहेरून, एवढंच ते सांगायचं. सामन्याच्या सुरुवातीलाच लिमरिकच्या मुलाने मारलेला चेंडू तपासायला गेला. मोठ्या पडद्यावर चित्र आलं, चेंडू खांबाच्या आतून जाताना हजारोंनी पाहिला, आणि त्याच चित्राखाली आयरिश भाषेत उत्तर उमटलं: नाही. गुण दिला गेला नाही. साठ मिनिटांनंतर दोन्ही संघ बरोबरीत होते. जादा वेळेत गॉलवे जिंकलं. त्यानंतरच्या सीनिअर सामन्यासाठी यंत्रणा बंद ठेवण्यात आली, कंपनीने माफी मागितली, लिमरिकने दाद मागितली, निकाल काही बदलला नाही. तो एक गुण धरला असता तर जादा वेळेची पाळीच आली नसती, असं लिमरिकवाले म्हणतात, आणि हिशेब त्यांच्याच बाजूने आहे. पुढे गंमत म्हणजे अंतिम सामन्यात गॉलवेला हरवून किताब नेला तो वॉटरफर्डने. प्रांतात हरलेल्या अंतिम स्पर्धकालाही पुढे संधी होती, तिचं त्यांनी 65 वर्षांनी सोनं केलं. त्या संघातला ऑस्टिन ग्लीसन 2016 ला केलीसारखाच दुहेरी मानकरी झाला.

लिमरिकने 2014 ला मन्स्टर मायनर पुन्हा जिंकलं. किअन लिंच, शॉन फिन, टॉम मॉरिसी ही त्या संघातली नावं 2018 च्या सीनिअर विजेत्या संघातही होती, आणि 2020 ते 2023 अशा सलग चार अखिल आयर्लंड विजयांतही.

मधल्या काळात मुलांवरच्या ताणाचा प्रश्न टोकाला गेला होता. चांगला खेळाडू एकाच वर्षी शाळा, क्लब, काउंटी मायनर, एकवीस वर्षांखालचा संघ, कधी थेट सीनिअर संघ असा सगळीकडे ओढला जायचा, शिवाय जूनमध्ये शालान्त परीक्षा. फेब्रुवारी 2016 च्या जीएए अधिवेशनात मायनरची मर्यादा अठरावरून सतरा करायचं ठरलं, 2018 पासून ती लागू झाली, आणि एकवीसची स्पर्धा 2019 पासून वीसवर आली. 2018 पासूनच मन्स्टरमध्ये बाद पद्धतीऐवजी साखळी आली. एका हरण्याने हंगाम संपत नाही, हे मुलांच्या दृष्टीने चांगलंच झालं.

नुकसानही झालं, आणि ते मला लहान वाटत नाही. पूर्वी मायनरचा अंतिम सामना मोठ्यांच्या अंतिम सामन्याआधी त्याच मैदानावर व्हायचा. मोठ्यांचा सामना पाहायला आलेले लोक लवकर येऊन बसायचे, आणि सतरा वर्षांच्या पोराला क्रोक पार्कच्या गर्दीचा आवाज ऐकायला मिळायचा. आता मुलांचे सामने वेगळ्या दिवशी, वेगळ्या गावी. म्हणून ओस पडतात असं मात्र नाही. 2022 ला किलकेनीच्या नोलन पार्कमध्ये टिपरेरी आणि ऑफली यांच्या अंतिम सामन्याला वीस हजारांवर लोक आले होते, अगदी शेवटच्या क्षणीच्या गोलवर टिपरेरी जिंकलं. 2024 ला त्याच मैदानावर, किलकेनीच्याच अंगणात, दोघांना लाल कार्ड मिळाल्यावर टिपरेरीच्या तेरा मुलांनी जादा वेळेत किलकेनीला हरवलं.

मर्यादा पुन्हा अठरावर न्यावी, अशी मागणी करणारेही आहेत. त्यांचं म्हणणं, सतराव्या वर्षी मायनर संपलं की वीसच्या संघात जागा मिळेपर्यंत मुलगा मध्येच लटकतो, आणि काही जण त्या फटीतून खेळातून निसटतात. दुसरी बाजू म्हणते, परीक्षेच्या वर्षी मुलाला मोकळं सोडा. 2025 चा अखिल आयर्लंड मायनर अंतिम सामना वॉटरफर्ड आणि क्लेअर या मन्स्टरच्याच दोन काउंट्यांत झाला आणि वॉटरफर्ड जिंकलं. त्या संघातल्या मुलांपैकी किती जण टिकले, हे 2028 ला वीस वर्षांखालच्या संघांच्या याद्या लागल्या की कळेल.