इंका साम्राज्याचा उदय

इंकांचं राज्य सुरुवातीला अगदी लहान होतं, आजच्या पेरूमधलं कुस्को आणि त्याच्या आसपासचं खोरं, बस. अँडीज पर्वतात, 3,400 मीटर उंचीवर. साधारण 1438 मध्ये शेजारच्या चांका लोकांनी कुस्कोवर चाल केली, राजा विराकोचा शहर सोडून निघून गेला पण त्याचा एक मुलगा मागे थांबून लढला आणि जिंकला, अशी हकीकत स्पॅनिश बखरींमध्ये येते. तोच पुढे पाचाकुती नावाने गादीवर बसला, नावाचा अर्थच 'जग उलथवणारा'. त्याचा मुलगा तुपाक युपांकी याने किनाऱ्यावरचं बलाढ्य चिमू राज्य घेतलं, नातू वायना कापाक तर पार उत्तरेत इक्वाडोरपर्यंत पोचला. म्हणजे शंभरेक वर्षांत सगळं झालं!

आता चाकाची गाडी नाही, लोखंड नाही, घोडा नाही, लिपी नाही, तरी हे जमलं कसं? माझ्या मते खरं उत्तर तलवारीत नाही, कोठारात आहे. इथे कर पैशात नव्हता, कामात होता. त्याला मिता म्हणायचे, म्हणजे पाळी. प्रत्येक घराने आपल्या पाळीला रस्ते, शेतं, फौज यासाठी माणूस द्यायचा आणि त्याचं खाणंपिणं सरकारने बघायचं. त्यासाठी जागोजागी दगडी कोठारं होती, एकट्या वानुको पाम्पा इथे जवळपास 500 सापडलीत, आणि हिशोब किपूवर, म्हणजे दोऱ्यांना मारलेल्या गाठींवर.

कोठारात मका असायचा आणि चुन्यो असायचा. चुन्यो म्हणजे सुकवलेला बटाटा. कडाक्याच्या थंडीत बटाटे रात्री उघड्यावर पसरून ठेवायचे, ते गोठतात, दिवसा उन्हात मऊ पडले की पायाने तुडवून पाणी काढायचं, असं काही दिवस केलं की दगडासारखा कडक पण हलका तुकडा उरतो, प्युमिस म्हणजे ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड पाहिला असेल तर तसाच, आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. फौज याच्यावर चालायची. तिथले शेतकरी अजूनही असाच करतात.

आणखी एक कारण वारसाहक्काचं. राजा मेला तरी त्याच्या जमिनी त्याच्याच नावावर राहायच्या, त्याचं सुकवलेलं शव जपणारे नातेवाईक त्या सांभाळायचे, नव्या राजाला गादी मिळायची पण जमिनी नाही, त्यामुळे त्याला नवा मुलूख जिंकणं भागच पडायचं असं बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं आहे.