गाभण बकरी, जंत आणि भिंतीवरची तारीख

"गाभण हाय ते, औषध नोको पाजू, गाभडन." नागपूर जिल्ह्यातल्या कुही, उमरेड, भिवापूरकडच्या गावांत जंतांच्या औषधाची बाटली काढली की हे वाक्य कुणीतरी बोलतंच. औषधाने गाभ पडेल ही भीती खुळी नाही, ती अर्धी खरी आहे. पण उरलेल्या अर्ध्यापायी पावसाळा सरता सरता चांगल्या दुभत्या बकऱ्या आणि त्यांची करडं हातची जातात, आणि ते टाळता येण्यासारखं असतं.

आधी शत्रू कोण ते पाहू. बकरीच्या पोटात अनेक जातींचे जंत राहतात, पण आपल्याकडच्या उष्ण आणि पावसाळी हवेत सगळ्यांत जास्त नुकसान करतो तो हिमॉन्कस नावाचा गोलकृमी. तो चौथ्या पोटात, म्हणजे खऱ्या जठरात राहतो. मादी दोन-तीन सेंटिमीटर लांब असते. तिचं आतडं रक्ताने लालभडक भरलेलं असतं आणि पांढऱ्या अंडनलिका त्याला वेढे देत जातात, त्यामुळे ती लाल-पांढऱ्या पिळाच्या दोऱ्यासारखी दिसते. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त घालवतो. आकडा फालतू वाटतो, पण पोटात असे हजार जंत असले तर रोजचे ५० मिली झाले. तीस किलोच्या बकरीच्या अंगात सगळं मिळून दोन लिटरच्या आसपास रक्त असतं. म्हणजे चाळीस दिवसांत अंगातल्या सगळ्या रक्ताइतकं रक्त जंतांच्या वाटेने जातं. शरीर नवं रक्त बनवत राहतं, पण त्याला प्रथिनं आणि लोह लागतं, आणि गाभण बकरीकडे नेमकी त्याचीच ओढाताण असते.

या जंताने हगवण लागेलच असं नाही. लेंड्या अगदी नीट बांधलेल्या असतात आणि बकरी आतून पांढरी पडत जाते. मग रक्तातली प्रथिनं इतकी घटतात की पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपतं आणि जबड्याखाली मऊ सूज उतरते. "हगवण नाही, म्हणजे जंत नाहीत" हा समज म्हणूनच फार महागात पडतो.

आता गाभणपणाची गोष्ट. बकरी साधारण १५० दिवस गाभण असते. पोटातल्या करडाचं बरंचसं वजन शेवटच्या सहा-आठ आठवड्यांत वाढतं, आणि विदर्भातल्या बेरारी जातीच्या बकरीला जुळी होणं काही नवलाचं नाही. करडं वाढली की कोठीपोटाला, म्हणजे चारा साठवणाऱ्या मोठ्या पोटाला, जागा कमी पडते, बकरी कमी खाते आणि त्याच वेळी कासेत चीक तयार होऊ लागतो. शरीराकडे प्रथिनं मोजकीच असतात. ती आधी करडाला जातात, मग दुधाला, आणि जंतांशी लढणाऱ्या यंत्रणेच्या वाट्याला शेवटी काही उरत नाही. त्यात संप्रेरकांचे बदलही असतात. परिणाम असा की विण्याच्या दोन-एक आठवडे आधीपासून ते विल्यानंतर सहा-आठ आठवड्यांपर्यंत प्रतिकारशक्ती ढिली पडते. एरवी दबून असलेले जंत वाढतात आणि अंड्यांचा पूर येतो. हिमॉन्कसची एक मादी दिवसाला पाच हजारांहून जास्त अंडी घालू शकते. ही अंडी लेंड्यांतून चराईवर पडतात, आणि महिनाभराने तिथलंच गवत हुंगायला कोण येतं? तिचंच करडू, ज्याला अजून जंतांशी लढायची काहीच सवय नसते. आई आणि करडू अशी दोन जनावरं एकाच फेऱ्यात अडकतात, म्हणून गाभण बकरीकडे वेगळं लक्ष हवं.

नागपूरचा मे महिना या बाबतीत आपला मित्र आहे. ४५ अंशांच्या उन्हात उघड्या रानातली, अंड्यातून निघालेली जंताची अळी वाळून मरते. पण कोरड्या दिवसांत काही अळ्या बकरीच्या जठराच्या भिंतीत निपचित पडून राहतात आणि हवा अनुकूल झाली की जाग्या होतात. मृगाचा पाऊस पडला की पुढचं चक्र वेगाने फिरतं. ओल्या, उबदार लेंडीत अंड्यातून अळी निघून आठवडाभरात संसर्गाला तयार होते. गवतावरच्या पाण्याच्या पातळ थरातून ती वर चढते, बकरीच्या तोंडात जाते आणि तीन आठवड्यांत तिची अंडी देणारी मादी होते. जून ते सप्टेंबरमध्ये असे फेरे एकावर एक चढत जातात. २० एप्रिलला फळलेली बकरी १७ सप्टेंबरच्या आसपास विते. म्हणजे रानात अळ्या सर्वांत जास्त आणि बकरीची ताकद सर्वांत कमी, असे दोन्ही दिवस एकत्र येतात.

आणि औषध? भीतीचं खरं अर्धं इथे आहे. घराघरात असतं ते अल्बेंडाझोल. जंताच्या पेशींत अतिसूक्ष्म नळ्यांचा एक सांगाडा असतो, हे औषध तो उभा राहू देत नाही. मग जंताला अन्न शोषता येत नाही आणि तो उपाशी मरतो. पण पेशी दुभंगताना तिच्यातली गुणसूत्रं दोन्हीकडे ओढून नेणाऱ्या दोऱ्याही याच नळ्यांच्या असतात. गर्भाच्या पहिल्या महिन्यात पेशी सतत दुभंगत असतात, अवयव घडत असतात. त्या काळात अल्बेंडाझोल पाजलं तर गर्भ मरू शकतो किंवा करडू व्यंग घेऊन जन्मतं. म्हणून फळल्यापासून पहिल्या महिन्यात ते द्यायचंच नाही. त्याच कुळातलं फेनबेंडाझोल आतड्यातून कमी शोषलं जातं आणि गाभणपणात सुरक्षित मानलं जातं. आयव्हरमेक्टिनही सहसा चालतं. लेव्हामिसोलची योग्य मात्रा आणि विषारी मात्रा बकरीत फार जवळ असतात, त्यामुळे शेवटच्या दिवसांत किंवा खंगलेल्या बकरीला ते नको.

बाटलीवर मेंढीची मात्रा लिहिलेली असते आणि तीच बकरीला दिली जाते, ही चूक मला फार खटकते. बकरीचं यकृत बरीचशी औषधं मेंढीपेक्षा लवकर निकाली काढतं. कमी मात्रेत जंत मरत नाहीत, टिकणारे टिकतात आणि पुढची पिढी औषधाला दाद देत नाही. म्हणून बकरीचं वजन करा आणि मात्रा पशुवैद्यकाकडूनच घ्या. पाजताना तिचं डोकं फार वर उचलू नका, औषध फुप्फुसात जातं.

मग सगळ्याच गाभण बकऱ्यांना औषध पाजायचं का? माझं मत नाही असं आहे. सगळ्यांना पाजलं की फक्त दाद न देणारे जंत उरतात. ज्यांना औषध दिलं नाही त्यांच्या पोटातले साधे जंत दाद न देणाऱ्या जंतांचं प्रमाण पातळ ठेवतात, आणि ते आपल्या फायद्याचं असतं. दक्षिण आफ्रिकेत यासाठी डोळ्याच्या रंगाचा एक तक्ता तयार झाला, फमाचा नावाचा. खालची पापणी हलकेच उलटून आतला रंग पाहायचा. लाल किंवा लालसर गुलाबी असेल तर बकरी ठीक आहे. पांढरट असेल तर औषध. मधला गुलाबी रंग दिसला तर एरवी थांबता येतं, पण गाभण किंवा ओली, म्हणजे नुकती व्यालेली, बकरी असेल तर थांबू नये. गोचिडांनीही बकरी पांढरी पडते, तेव्हा कान आणि कासेभोवतीची जागा तपासा. फळल्यापासून १२० दिवस झाले की पापणी आणि लेंडी दोन्ही तपासायची. गरज निघाली तर विण्याआधीच्या दोन ते चार आठवड्यांत औषध द्यायचं.

मौदा, रामटेककडच्या धानपट्ट्यात बोड्यांच्या, म्हणजे लहान तळ्यांच्या, काठी चरणाऱ्या कळपांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. तिथे गोगलगायींतून येणारा यकृतातला चपटा कृमी असतो, आणि त्याला फेनबेंडाझोल पुरत नाही.

औषधाइतकंच काम चाऱ्यावर होतं. प्रथिनं वाढवली की विण्याच्या काळातला अंड्यांचा पूर ओसरतो, हे मेंढ्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. शेवटच्या दोन महिन्यांत तुरीचं कुटार, थोडी चुनी, थोडी ढेप मिळाली तर ती जंतांविरुद्धचीही तयारी असते. दुसरं, अळ्या बहुतांशी गवताच्या खालच्या चार-पाच सेंटिमीटरांत असतात. बकरी मुळात झुडपं ओरबाडणारं जनावर आहे, तिला जमिनीला टेकलेलं गवत आपणच खायला लावतो. बोर, बाभूळ, औदुंबराचा पाला उंच टांगून द्या. दव वाळेपर्यंत सोडू नका. बाभळीच्या शेंगांतलं टॅनिन जंतांना काहीसं त्रासदायक असतं, पण ते औषधाला पर्याय नाही.

लेंडी तपासायची तर ती ताजी हवी, जमिनीवर पडलेली नको. गोठ्यात सकाळी बकरी उठताच पाच-सहा लेंड्या झेलायच्या, पिशवीतली हवा काढून गाठ मारायची आणि थंड जागी ठेवून त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात द्यायच्या. उन्हात राहिल्या तर अंडी वाटेतच फुटतात आणि मोजायला काही उरत नाही. पिशवीवर बकरीची खूण आणि बोकड दाखवला तेव्हा भिंतीवर लिहून ठेवलेली तारीख लिहा. औषध कोणतं, हे डॉक्टर त्या तारखेवरूनच ठरवतात.