पिक्सेल पाच सेंटीमीटरचा, मग नकाशा कितीचा?

‘५ सेंमी अचूकतेचे ड्रोन सर्वेक्षण करणे.’ निविदेतली ही ओळ मी इतक्या ठिकाणी वाचली आहे की आता डोळे मिटूनही लिहून दाखवीन. पुढची पानं चाळली की कळतं, लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं ५ सेंमी रिझोल्यूशन. कंत्राटदाराला फरक नीट ठाऊक असतो, पण तो गप्प बसतो. का बसणार नाही? अचूकतेचं काम न करता अचूकतेचं बिल निघतं. एकट्या नगरपरिषदेचं काम असेल तर चूक निदान तिच्याच अंगावर येते. चार संस्थांनी खर्च वाटून घेतला असेल तर ती चौघांत वाटली जाते, आणि तीही सारखी नाही.

रिझोल्यूशनबद्दल फार सांगत नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्याने सगळ्यांना ते शिकवलं आहे. ५ सेंमी म्हणजे चित्रातला एक ठिपका, म्हणजे पिक्सेल, जमिनीवरच्या ५ बाय ५ सेंटीमीटरचा. ड्रोन खाली उडवला की ठिपका बारीक होतो. त्यासोबत खर्च कसा वाढतो एवढं लक्षात ठेवा: १० सेंमीला एका चौरस किलोमीटरचे १० कोटी ठिपके होतात, ५ सेंमीला ४० कोटी. ठिपका निम्मा, फोटो चौपट, संगणकाचं कामही जवळपास तेवढंच, आणि बॅटऱ्या निदान दुप्पट. (आणि कृपा करून याला ‘सॅटेलाइटचा फोटो’ म्हणू नका. ड्रोन गावातल्या शाळेच्या मैदानातून उडतो.)

अचूकता म्हणजे तो ठिपका नकाशावर जिथे दाखवला आहे, तिथेच जमिनीवर आहे का. गटाराच्या झाकणाची जाळी दिसते आहे, हे रिझोल्यूशन झालं. ते झाकण खरंच त्या अक्षांश-रेखांशावर आहे का, ही अचूकता. चित्र काचेसारखं लख्ख असूनही अख्खं दीड मीटर पूर्वेला सरकलेलं असू शकतं, आणि नुसतं बघून ते ओळखणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. अंधुक चित्र लगेच खटकतं. सरकलेलं चित्र उलट विश्वास बसवतं.

आमचंच उदाहरण घ्या: एक नगरपरिषद आणि तिच्या कडेला लागून असलेल्या तीन ग्रामपंचायती. शहर वाढून गावांना भिडलेलं, नाला चौघांच्या हद्दीतून जाणारा. ड्रोन एकदाच उडवू, खर्च क्षेत्रफळाप्रमाणे वाटून घेऊ, असं ठरलं. कल्पना उत्तम होती, आजही आहे. गावठाणातल्या घरांच्या मालकीचे नकाशे करणाऱ्या केंद्राच्या स्वामित्व योजनेत गावठाणावरून ड्रोन सरकारी खर्चाने उडतो, पण गावठाणाबाहेर पसरलेली वस्ती, नाले, नवे रस्ते त्यात येत नाहीत. ते कुणीतरी पदरच्या पैशांनीच टिपायला हवं.

चित्र आलं. सभागृहात पडद्यावर लावलं. एका सरपंचांनी स्वतःचं अंगण शोधलं आणि वृंदावनातली तुळस सगळ्यांना दाखवली. टाळ्या पडल्या. दोन महिन्यांनी शहरातल्या अभियंत्याने त्यावर मलनिस्सारणाची जुनी मोजणी चढवली. शहरात चेंबर चेंबरवर बसले. गावाच्या बाजूला चेंबरचं झाकण रस्ता सोडून शाळेच्या कुंपणाच्या आत गेलेलं. रोव्हर (हातात धरून जागा नेमकी मोजणारं जीपीएस यंत्र) घेऊन जाऊन मोजलं तर फरक १.४ मीटर.

कारण साधं होतं. चित्राला जमिनीवर खिळवायला जीसीपी, म्हणजे ग्राउंड कंट्रोल पॉइंट, लागतात. रस्त्यावर रंगाने मोठी फुली मारायची, तिचा मधला बिंदू चांगल्या जीपीएसने मोजायचा, आणि फोटोत ती फुली दिसली की चित्र त्या आकड्याला बांधायचं. आमच्याकडे असे सहा बिंदू होते, सहाही शहरात. बैठका शहरात, कंत्राटदाराची गाडी शहरात, दुपारचं जेवण शहरात. फुल्यांनी वेढलेला भाग नीट बसला. त्याबाहेर चित्राला धरून ठेवणारं काहीच नव्हतं. तिथे उरला तो ड्रोनचा स्वतःचा साधा जीपीएस, आणि तो एक-दोन मीटर सहज इकडेतिकडे जातो. गावांनी पैसे दिले होते पिक्सेलचे, आणि पिक्सेल त्यांना शहराइतकाच बारीक मिळाला होता. म्हणजे निविदेप्रमाणे फसवणूक झालीच नव्हती.

माझा खरा राग इथे आहे. खर्चाची वाटणी क्षेत्रफळावर होते, कारण क्षेत्रफळ कळतं. फुल्या कुणाच्या हद्दीत किती, हे कुणी विचारत नाही. वास्तविक फुली स्वस्त असते: एक माणूस, रंगाचा डबा, रोव्हर आणि अर्धा तास. १० सेंमीवरून ५ सेंमीला जायचा खर्च त्यापुढे कितीतरी मोठा. तरी बैठकीत वाद होतो तो पिक्सेलवरच, ‘शेजारच्या पालिकेने ३ सेंमी घेतलंय’ म्हणून.

कुणाला काय लागतं, हेही एकदा पाहून घ्यावं. घरपट्टीवाल्याला घराची लांबी-रुंदी हवी. अख्खं चित्र दीड मीटर सरकलं तरी भिंत ते भिंत अंतर तेवढंच राहतं, त्याचं काम अडत नाही. त्याला बारीक पिक्सेल हवा. नाल्याचा आराखडा करणाऱ्याला जागा नेमकी हवी आणि उंची तर त्याहून नेमकी. गटाराला २०० ला १ असा उतार द्यायचा तर १०० मीटरला मिळतात ५० सेंमी. उंचीत ३० सेंमीची चूक असेल तर पाणी कुठे जाईल हे सांगायला अभियंता लागत नाही. फोटोंवरून काढलेली उंची बहुधा आडव्या जागेपेक्षा जास्त चुकते, आणि निविदेत उंचीच्या अचूकतेचा उल्लेखच नसतो.

या घोळाला कायद्याची भाषाही हातभार लावते. १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी नकाशांवरचे जुने निर्बंध सैल केले आणि मर्यादा ठेवली आडवी १ मीटर, उभी ३ मीटर. त्याहून बारीक काम फक्त भारतीय कंपन्यांनी करायचं. ती मर्यादा अचूकतेची आहे. मला भेटलेल्या दहातल्या आठांनी ती पिक्सेलची म्हणून वाचली होती. अमेरिकेतल्या एएसपीआरएस या फोटोग्रॅमेट्रीच्या, म्हणजे फोटोंवरून मोजणी करण्याच्या शास्त्राच्या, संस्थेने २०१४ च्या मानकातच अचूकता पिक्सेलच्या आकारापासून वेगळी काढली. २०२३ च्या आवृत्तीत तपासणीचे बिंदू (चित्र बांधायला न वापरता फक्त ते बरोबर बसलं का हे पाहायला मोजलेले) किमान २० वरून ३० केले. आपल्याकडे तपासणीचा बिंदू बहुधा कंत्राटदारच मोजतो, आणि पासही तोच करतो.

आता एक गोष्ट, जिथे बारीक पिक्सेल आणि भरपूर फुल्या दोन्ही असून उपयोग नाही. कोकणातलं कौलारू घर घ्या. वरून दिसतं ते छप्पर, भिंत असते वळचणीच्या आत हात-दीड हात. दोन घरांच्या वळचणी एकमेकींना टेकलेल्या असतील तर मधली बोळ चित्रात नाहीच. म्हणूनच स्वामित्वमध्ये ड्रोन यायच्या आधी गावकऱ्यांना हद्दीवर चुन्याची रेघ मारायला सांगतात. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत हा ड्रोनचा प्रयोग २४ एप्रिल २०२० ला देशभरची योजना जाहीर होण्याआधीच झाला होता. भूमी अभिलेख, ग्रामविकास विभाग आणि भारतीय सर्वेक्षण विभाग अशी तिघांची ती मोट. चुना हा त्यातला सगळ्यात स्वस्त घटक, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा.

ड्रोन की विमान, साधा फोटो की ऑर्थोफोटो (कॅमेऱ्याचा तिरकेपणा आणि जमिनीचा चढउतार काढून नकाशासारखं सरळ केलेलं चित्र), यावर मी वेळ घालवत नाही. मोठं क्षेत्र असेल तर विमान, आणि नकाशासाठी ऑर्थोफोटोच. संपलं.

वाटणीची एक पद्धत मात्र मला आवडते, ती अमेरिकेतल्या इंडियाना राज्याची. राज्य सगळ्यांसाठी एक मूळ दर्जाचं चित्र घेतं. ज्या काउंटीला (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) पिक्सेल बारीक हवा, तिने फक्त वरचा फरक भरायचा. आपल्याकडे हे करायचं तर मूळ दर्ज्यात अचूकता घाला, प्रत्येक भागीदाराच्या हद्दीत जीसीपी आणि तपासणीचे वेगळे बिंदू सक्तीचे करा, आणि पिक्सेलची हौस ज्याची त्याने भागवावी.

आणि कच्चे फोटो ताब्यात घ्या. न टिपलेला पिक्सेल नंतर कुठून आणणार? अचूकता मात्र मागाहूनही सुधारता येते, मूळ फोटो हातात असतील तर. आमच्या नगरपरिषदेतल्या एका लिपिकाने हट्टाने हार्ड डिस्क मागून कपाटात कुलूपबंद ठेवली होती, ‘बिलासोबत वस्तू दिसली पाहिजे’ म्हणून. तिच्यावर सगळं निभावलं. तिन्ही गावांत फोटोत ठळक दिसणाऱ्या जागा शोधल्या: विहिरीच्या कठड्याचा कोपरा, देवळाच्या ओट्याची धार, रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्याचं टोक. दोन दिवस रोव्हर घेऊन हिंडलो आणि चित्र पुन्हा बसवलं, ड्रोन न उडवता. झाकण कुंपणातून रस्त्यावर आलं, फरक १.४ मीटरवरून ८ सेंमीवर. सरपंचांची तुळस आधी दिसत होती तेवढीच दिसते, फक्त आता ती त्यांच्या अंगणात आहे.